नाव शेवटी

वासावर संशोधन करणाऱ्या डॉक्टर यून यांना स्वतःला वास येत नसे. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही आणि मिरवलीही नाही. प्रयोगशाळेत नवा माणूस रुजू झाला की पहिल्या आठवड्यातच, कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून, उद्या पाऊस आहे म्हणतात अशा सुरात त्या सांगून टाकत, "मला वास येत नाही. मोठी सर्दी झाली होती, त्यात गेला. निदान मी तसं धरून चालते. माझ्या थोरल्या भावाचाही गेला होता. त्याला मात्र सर्दी झालेली नव्हती."

नवा माणूस "ओह, आय ॲम सॉरी" म्हणून सुटायचा. आम्हा जुन्यांना पुढचं ठाऊक होतं. पार्किन्सन्समध्ये हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी अनेकांचा वास हळूच निघून जातो आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही. फार तर आमटी बेचव लागते अशी तक्रार सुरू होते आणि तिचं खापर सुनेवर फुटतं. यूनबाईंच्या भावाचं तसंच झालं होतं. तेव्हा बाईंचा वास सर्दीनं नेला, की भावाच्या वाटेवरचं ते त्यांचं पहिलं पाऊल होतं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. काळच सांगणार होता आणि काळाला घाई नव्हती.

"मग तपासून का घेत नाही?" असं मी एकदा विचारलं. जे विचारू नये ते नेमकं विचारण्याची माझी ख्याती आहे.

"तपासण्या आहेत," बाई म्हणाल्या. "समजा, नाव कळलं. उद्या सकाळी उठून मी वेगळं काय करणार? डॉक्टर म्हणतील, रोज चाला. मी रोज चालते." मग त्यांनी कप खाली ठेवला. "नाव शेवटी, मिस्टर काका. नाव शेवटी."

मिस्टर काका म्हणजे मी. त्याचं असं झालं, की आमच्या गटात मीरा नावाची मुलगी होती. जन्म इथलाच, आईवडील नागपूरचे, आमच्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळात नेहमी भेटणारे. परकर-पोलक्यापासून ती मला काका म्हणत आलेली. पुढे ती संशोधक होऊन त्याच टेबलावर येऊन बसली, तरी भर मीटिंगमध्ये "काका, युअर ग्राफ इज राँग" असंच म्हणायची. ऐकून ऐकून सगळी प्रयोगशाळा मला काका म्हणू लागली. बाईंना वाटलं तेच माझं आडनाव. खरा अर्थ कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग तर बरंच झालं. आमच्याकडेही अनोळखी माणसाला काकाच म्हणतात. त्यासाठी त्यानं काही करून दाखवावं लागत नाही." तो टोमणा होता की माहिती, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

बाई सोलच्या. तिथल्या एका मोठ्या इस्पितळात मेंदूविकारांचं काम करून इथं नॉर्थ कॅरोलायनात आल्या होत्या. बुटक्या, ताठ, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, बारा महिने अंगात बिनबाह्यांचं गुबगुबीत जाकीट आणि पायांत पांढरे बूट. जेवण झालं की त्या इमारतीभोवती फेऱ्या मारत. पार्किंग लॉट, मग पाइनची झाडं, मग पुन्हा पार्किंग लॉट. उन्हाळ्यात डांबर वितळायची वेळ आली तरी फेरी चुकायची नाही. या फेऱ्या कशासाठी आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. त्याबद्दल कुणी बोलत नसे.

आमचं काम दोन प्रकारचं. माणसाला वास ओळखायला द्यायचे आणि माणसाला चालायला लावायचं. लांब कॉरिडॉर होता, टोकाला कॅमेरा. आजार अजून नावारूपाला यायचा असताना बरेचदा एक हात चालताना कमी हलू लागतो. माणसाला स्वतःला ते कळत नाही, बायकोला कळत नाही, कॅमेऱ्याला कळू शकतं. कॅमेऱ्याला ते कळावं म्हणून प्रोग्राम लिहिणारा, तो मी.

पहिल्या दिवसाचा माझा पराक्रम सांगायलाच हवा, कारण बाईंची ओळख त्याशिवाय पुरी होत नाही. टेबलाभोवती सगळे बसले होते. बाईंनी आधी प्रत्येकाचं जन्मसाल विचारलं. मला ते जरा आगाऊ वाटलं. अमेरिकेत असं विचारत नाहीत. मग कळलं की ते बोलण्याची पाळी लावण्यासाठी होतं. त्यांच्या टेबलावर सगळ्यांत लहान माणूस आधी बोले आणि सगळ्यांत मोठा शेवटी, म्हणजे खुद्द बाई. माझी पाळी ठरताना घोळ झाला. माझी खरी जन्मतारीख वेगळी आणि शाळेतली वेगळी. वडिलांनी मला शाळेत घालताना हेडमास्तरांनी जी सोयीची वाटली ती जूनमधली तारीख टाकून दिली, आणि ती पासपोर्टापर्यंत आली. मी हे समजावून सांगू लागलो तसे बाकीचे माझ्याकडे बनावट कागदपत्रं करणाऱ्याकडे पाहावं तसे पाहू लागले. बाई मात्र खुश झाल्या.

"आमच्याकडे तर माणसाला तीन वयं होती," त्या म्हणाल्या. "आईच्या पोटातलं धरून एक, पंचांगाचं एक, सरकारी एक. तुमची दोनच? सोपं आहे."

मग पडद्यावर एक चित्रफीत लागली. पाठमोरा माणूस कॉरिडॉरमधून चालत जातोय. चेहरा दिसत नाही. माझ्याआधी दोघा लहानांनी काय दिसतं ते नीट सांगितलं. खांदे पुढे, पावलं बरी, डावा हात हलत नाही. माझी पाळी आली. आल्या दिवशीच छाप पाडावी म्हणून मी खुर्चीत सरसावून म्हणालो, "पार्किन्सन्स. अगदी उघड आहे. बिचाऱ्याला कुणी सांगितलंय की नाही?"

बाईंनी फीत पुढे सरकवली. बिचारा कॉरिडॉरच्या टोकाला पोचला, डाव्या हातातला फोन कानाला लावला आणि वळला. तो मीच होतो. सकाळी रुजू होताना सह्या केल्या त्यांत प्रत्येक कर्मचाऱ्याची चाल टिपली जाईल असं लिहिलं होतं, आणि सही करताना वाचण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

"हातात वस्तू असली की हात हलत नाही," बाई म्हणाल्या. "यांनी," म्हणजे त्या दोघांनी, "सांगितलं ते बरोबर होतं. डावा हात हलत नाही. तेवढंच दिसत होतं. नाव तुम्ही घरून आणलंत."

त्या दिवसापासून मला रस्त्यानं कुणीही जाताना दिसलं तरी माझी नजर आधी त्याच्या हातांवर जाते. देवळात प्रदक्षिणा घालणाऱ्यांचे, मॉलमध्ये फिरणाऱ्यांचे, सगळ्यांचे. बायको म्हणते, तुझ्याबरोबर कुठं जायची सोय राहिली नाही.

सगळ्यांच्या चाली आमच्या संगणकात होत्या. पाहुण्यांच्या होत्या, कुरिअरवाल्याचीसुद्धा होती, त्यानं हौसेनं दिली होती. बाईंची नव्हती. त्यांनी दिली नाही आणि आम्ही मागितली नाही.

आता वासाची गोष्ट. वास ओळखायचा एक संच मिळतो. कागदावरचा डाग नखानं खरवडायचा, हुंगायचं आणि खालच्या चार पर्यायांतून एकावर खूण करायची. हा संच अमेरिकन. आम्हाला वयस्कर, धडधाकट माणसं हवी होती. मी म्हटलं, त्यात काय, मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला ज्येष्ठ मंडळींची रांग लावतो. लावली. तिळगूळ घ्या, वास घ्या. सगळे आनंदात. त्या रांगेत माझे सासरे नानाही होते. सांगलीचे, एसटीत कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, दर हिवाळ्यात सहा महिने आमच्याकडे येणारे.

दुसऱ्या दिवशी माझ्या प्रोग्रामनं निकाल काढला. मॉरिसव्हिलमधली जवळजवळ सगळी मराठी ज्येष्ठ मंडळी आजाराच्या वाटेवर. नाना आघाडीवर.

शहाण्या माणसानं हा निकाल आधी टेबलावर ठेवला असता. मी तो आधी बायकोला, अनघाला, सांगितला. संध्याकाळपर्यंत नानांचं गॅसजवळ जाणं बंद झालं, एकट्यानं तळ्याकाठी फिरायला जाणं बंद झालं, आणि अनघानं सांगलीला भावाला फोन करून रडून घेतलं. नाना हॉलमध्ये सोफ्यावर बसून राहिले. सकाळचा चहा स्वतः करायचा, हा त्यांचा या देशातला एकमेव स्वतंत्र व्यवहार होता. तो गेला.

"जावईबापू," ते मला म्हणाले, "एसटीत जन्मभर खिडक्यांच्या तक्रारी ऐकल्या, पण माझ्या नाकाची तक्रार कुणी केली नव्हती. ती तुम्ही केलीत."

मी बाईंना सांगितलं. मला वाटलं, त्या नेहमीप्रमाणे टेबलावर ठेवा म्हणतील. त्यांनी जाकिटाची चेन वर ओढली आणि म्हणाल्या, "तुमच्या घरी चला."

आमच्या घरी येताच त्यांनी नानांना वाकून नमस्कार केला, बूट काढले आणि ते भिंतीशी नीट जुळवून ठेवले. तिथंच नानांचं अर्धं मत झालं. "बाईंना वळण आहे," ते मला म्हणाले. मग बाई जमिनीवरच मांडी घालून बसल्या आणि तो अमेरिकन संच नानांसमोर धरला. पहिला डाग खरवडला.

"काय आहे हे?" मी दुभाष्या.

"गोड आहे. औषधासारखं. खोकल्याचं."

"नाव?"

"मला काय माहीत? तुमच्या त्या चार नावांतली तीन मी ऐकलेलीच नाहीत."

तो रूट बियरचा, म्हणजे इथल्या एका बिनदारूच्या गोड पेयाचा, वास होता. नानांच्या आयुष्यात रूट बियर कधी आली नव्हती, माझ्या आयुष्यातही उशिराच आली, आणि आली तेव्हा मलाही ते खोकल्याचं औषधच वाटलं होतं. पुढचा डाग भोपळ्याच्या गोड पायचा. नाना म्हणाले, "दालचिनी, जायफळ. कुणीतरी श्रीखंडात चुकून दालचिनी घातलीय." पर्यायांत श्रीखंड नव्हतं. चूक. पुढचा स्कंक नावाच्या इथल्या एका दुर्गंधी प्राण्याचा. नाना म्हणाले, "मिरजेच्या स्टँडमागची गल्ली." तेही पर्यायांत नव्हतं.

बाई ऐकत होत्या. मी इंग्रजीत सांगत होतो आणि सांगता सांगता मला घाम फुटत होता, कारण नानांचं नाक माझ्या नाकापेक्षा, आणि माझ्या प्रोग्रामपेक्षा तर फारच, तल्लख आहे हे दिसायला लागलं होतं.

तेव्हा बाईंनी सोलची गोष्ट सांगितली. त्या शिकाऊ डॉक्टर असताना तिथंही हाच परदेशी संच आला होता. डोंगराकडच्या खेड्यातून एक आजी तपासायला आली. तिला त्यातलं निम्मं येईना. मोठे प्रोफेसर म्हणाले, घ्राणशक्ती गेली, आजार असणार. टेबलाभोवतीचे सगळे हो म्हणाले. त्या आजीनं आयुष्यात परदेशी असं काही कधी हुंगलंच नव्हतं, हे एकीला माहीत होतं, कारण ती त्याच खेड्याकडची होती.

"कोण?" अनघानं विचारलं.

"मी. पण मी सगळ्यांत लहान होते, मला कुणी विचारलं नाही. मी चहा ओतत होते." बाईंनी बोटानं संचाची कड पुसली. "मोठा माणूस बोलला की बाकीच्यांना दिसणं बंद होतं. डोळे चांगले असतात, पण दिसत नाही. हाही आजारच. त्यावर मला एकच उपाय सापडला. लहान आधी."

पुढे त्यांच्या गटानं कोरियन माणसांसाठी कोरियन वासांचा वेगळा संच केला होता. भाजलेले तीळ, आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण असले वास. बाईंना इथं तेच पुन्हा करायचं होतं. आमच्या प्रयोगशाळेला पैसा पुरवणाऱ्या मंडळींना मात्र सगळ्या जगाला एकच संच पुरेल असं वाटत होतं, आणि माझ्या प्रोग्रामचा निकाल पाहून त्यांचा एक माणूस म्हणालाही होता, "मे बी युअर कम्युनिटी रिअली हॅज अ प्रॉब्लेम." प्रॉब्लेम होताच. तो मी होतो.

आमच्या स्वयंपाकघरात मग मराठी संच तयार झाला. छोट्या बाटल्या, आत कापूस. हिंग, कापूर, कोथिंबीर, तुपात परतलेली वेलची, डांबराच्या गोळ्या, उदबत्ती. मंडळातली वडीलधारी पुन्हा रांगेत. यावेळी मजा निराळी. बाटली नाकाशी नेली की त्यांना नाव सुचायच्या आधी गोष्ट सुचायची. डांबरगोळीला एक काकू म्हणाल्या, "आईची ट्रंक." दुसरे एक काका म्हणाले, "एसटीतली मुतारी." दोघांचंही बरोबर. माझा प्रोग्राम मात्र अ, ब, क, ड मागत होता. मीरानं दोन दिवस बसून तो दुरुस्त केला आणि मला म्हणाली, "काका, यू कान्ट स्कोअर अ ट्रंक ॲज राँग."

बाई प्रत्येकासमोर बसायच्या आणि स्वतःला वास येत नसल्यानं मन लावून विचारायच्या, "कसा?" एवढंच. हिंग कसा? नानांनी फार वेळ विचार केला. मग मला म्हणाले, "सांगा त्यांना, घरात पाहुणा यायचाय आणि अजून आलेला नाही, तसा." मी जमेल तसं सांगितलं. बाईंनी डोळे मिटले, मान हलवली. त्यांना कळलं की नाही, देव जाणे. मला तोपर्यंत हिंगाबद्दल असं काही वाटलेलं नव्हतं.

नाना सगळ्या बाटल्यांत पास झाले. त्यांचा चहा त्यांना परत मिळाला. पहिला कप त्यांनी बाईंना दिला, दोन्ही हातांनी, कारण बाई तसा देतात हे त्यांनी पाहिलं होतं. सोबत भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. बाईंनी ठेचा बोटावर घेऊन चाटला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, पाणी द्या कुणीतरी," अनघा म्हणाली.

"नको," बाई म्हणाल्या. "मला जेवणातलं फार थोडं उरलंय. गार, गरम, कुरकुरीत, मऊ. तिखटाला नाक लागत नाही, ते नुसतं पोळतं. ते मला पुरतं कळतं." आणि त्यांनी पुन्हा बोट बुडवलं. तेव्हापासून नाना त्यांच्यासाठी डब्यात ठेचा द्यायला लागले. मी रोज ऑफिसला ठेचा पोचवणारा माणूस झालो. एवढं शिक्षण घेऊन मिळालेली ही माझी सर्वांत निरुपद्रवी कामगिरी.

कारण दुसऱ्या कामगिरीत उपद्रव झाला.

चालीच्या प्रोग्राममध्ये मी एक सुधारणा केली. आधी फितीत एकच माणूस चालायचा. मी म्हटलं, समजा मागून दुसरं कुणी आलं, तर त्याचंही मोजमाप व्हावं. आणि निकाल आपोआप सगळ्या गटाला ईमेलनं जावा, म्हणजे माझा त्रास वाचेल. दोन्ही गोष्टी मी एकाच दिवशी केल्या. त्याच आठवड्यात एक आजोबा कॉरिडॉरमध्ये चालत होते, आणि त्यांच्या मागून, त्यांना आधार लागला तर म्हणून, बाई चालत होत्या. दुपारी सगळ्यांच्या संगणकावर पत्र आलं. पहिला माणूस, अमुक तमुक. दुसरा माणूस, डाव्या हाताचा झोका कमी, पुढील तपासणी सुचवावी.

दुसरा माणूस कोण, हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं, आणि मग ते परत बोलावता येतं का हे शोधत बसलो. ईमेल परत बोलावलं की सगळ्यांना आणखी एक ईमेल जातं, की याला आधीचं ईमेल परत बोलवायचंय. तेही गेलं.

बाई नेहमीच्या वेळेला टेबलाशी आल्या. पडदा लावला. म्हणाल्या, "आज पहिली फीत ही."

आजोबा चालत होते. मागे गुबगुबीत जाकीट, पांढरे बूट.

"लहान आधी," बाई म्हणाल्या.

मीरा एरवी इतकं फडाफडा बोलते, की तिची पाळी संपवावी लागते. ती गप्प बसली. बाईंनी वाट पाहिली. घाई केली नाही, मदतही केली नाही.

"आजोबा स्लो आहेत," मीरा शेवटी म्हणाली. ती मराठीत बोलतेय हे तिच्या लक्षात आलं नसावं. मग इंग्रजीत म्हणाली, "मागची व्यक्ती त्यांच्या मागे आहे, म्हणून तीही स्लो आहे. स्लो चालताना सगळ्यांचेच हात कमी हलतात."

"बरोबर. आणखी?"

"मला एवढंच दिसतंय."

मधले दोघे असंच काही बोलले. एकानं जाकिटाचं कारण दिलं, जाड असतं, हात अडतो. माझी पाळी आली. मला फार वाटत होतं की मीराचंच पुढे चालवावं. आजोबा, जाकीट, फरशी, काहीही. बाई माझ्याकडे बघत होत्या. तशाच बघत होत्या, जशा पहिल्या दिवशी, मी खुर्चीत सरसावलो होतो तेव्हा.

"उजवा हात हलतोय," मी म्हणालो. "डावा त्याच्यापेक्षा कमी हलतोय. जाकीट दोन्हीकडे सारखंच आहे."

मीरानं माझ्याकडे असं पाहिलं, की त्या दिवसापुरता मी तिचा काका नव्हतो.

बाई सगळ्यांत मोठ्या. त्या शेवटी बोलल्या. "मलाही तेच दिसतंय," त्या म्हणाल्या. "नाव?"

कुणी बोललं नाही.

"छान. एका फितीवरून नाव ठेवत नाहीत." आणि त्यांनी दुसरी फीत लावली. तिच्यात एक तरुण मुलगी होती, ठणठणीत, आणि आम्ही सगळे जिवाच्या आकांतानं तिच्या ठणठणीतपणाचं वर्णन करत बसलो.

मीटिंग संपल्यावर मी माफी मागायला गेलो. बाई ठेच्याचा रिकामा डबा धूत होत्या. "प्रोग्राम चांगला आहे," त्या म्हणाल्या. "दुसरा माणूस सापडतो. ईमेलचं बटण काढा." डबा पुसून माझ्या हातात दिला. "तुमच्या सासऱ्यांना सांगा, मिरच्या थोड्या वाढवायला हरकत नाही."

पुढच्या वसंतात बाईंनी सोलला परत जायचं ठरवलं. मराठी संचाला पैसा पुरवणाऱ्यांची मान्यता मिळाली होती आणि त्याच्या पाठोपाठ इतरांचे संच होणार होते, तेव्हा काम मार्गी लागलं, असं त्यांचं म्हणणं. भाऊ आता खुर्चीतच असायचा. आणि तिथं त्यांचे जुने विद्यार्थी होते.

"तपासून घेणार?" मी विचारलंच.

"त्यांच्या टेबलावर माझ्या फिती ठेवणार. एक नाही, बऱ्याच. हळू चालताना, भरभर चालताना, जाकीट काढून." मग जरा थांबून, "मी तिथं सगळ्यांत म्हातारी असेन. म्हणजे मला फार वेळ गप्प बसायला मिळेल."

विमानतळावर सोडायला मी गेलो. बाई निघायच्या आधी नानांनी त्यांच्यासाठी ठेच्याची काचेची बरणी दिली होती, झाकणाला फडकं बांधून. मी गाडी बाहेरच, लोकांना उतरवतात तिथं थांबवली आणि बॅग काढून दिली. चाकांची बॅग. बाईंनी उजव्या हातानं तिचा दांडा धरला. डाव्या हातात बरणी घेतली.

"बरणी बॅगेत ठेवू का?" मी म्हटलं. "कपड्यांत गुंडाळून. आत तुम्हाला हातात नेऊ देणार नाहीत."

"माहीत आहे. आत गेले की ठेवते."

"इथंच ठेवतो ना, मला काय वेळ लागतोय."

"आत गेले की," बाई म्हणाल्या. आणि वाकून, नेहमीसारखा निरोपाचा नमस्कार केला. बरणीसकट, त्यामुळे थोडा तिरका.

त्या चालू लागल्या. मी गाडीला टेकून उभा राहिलो आणि माझी नजर गेलीच, जिथं ती सगळ्यांच्या बाबतीत जाते तिथं. उजव्या हातात बॅग. डाव्या हातात बरणी, छातीशी धरलेली. पांढरे बूट, पावलं बरी. मागे पोलिसानं शिट्टी वाजवली, गाडी हलवा. मी हलवली नाही.

सरकत्या दाराशी बाई वळल्या. मी अजून तिथंच असणार, हे त्यांनी धरलेलं असावं.

"मिस्टर काका," त्यांनी गर्दीतून विचारलं, "काय दिसतंय?"

मी नीट पाहिलं. वेळ घेतला.

"बरणी," मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली, टेबलावर बरोबर उत्तर आलं की हलवत तशी, आणि आत गेल्या.